किजोका गांवच्या विणकरणी



फुलांचे हार बांधतांना आपल्या कोंकणांतील व गोव्यांतील बायका दोऱ्याऐवजीं केळीच्या सोपटाचा तंतु वापरतात, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. हार सुकला म्हणजे तो तंतुहि त्याच्याबरोबर उकिरड्यावर जातो. त्याच जातीच्या तंतूचें कोणी वस्त्र विणील, तें राजाच्या अंगावर आणि शेतकऱ्याच्या अंगावर सारखेंच शोभेल, आणि कित्येक शतकें चालत आलेली ती कला एका युद्धांत बुडतां बुडतां कांहीं गरीब बायका आपल्या हातांनीं वर काढतील, असें मला पूर्वीं कोणी सांगितलें असतें तर ती मीं एक कल्पित कथाच समजलों असतों. परंतु ही हकीकत खरी आहे, आणि तीच मी आज आपणांस सांगणार आहें.

जपानच्या मुख्य बेटांपासून दूर नैर्ऋत्येस ओकिनावा नांवाचें लांबट बेट आहे. त्याच्या उत्तर भागांत दाट अरण्याचे डोंगर थेट समुद्रापर्यंत उतरले आहेत. त्या डोंगरांच्या आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टींत ओगिमी हा गांव आहे आणि किजोका ही त्याचीच एक वाडी. ओगिमीचें नांव हल्लीं वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळतें तें तेथील शंभरी गांठलेल्या म्हाताऱ्यांमुळें. ते काय खातात, किती चालतात, याचीं वर्णनें पुष्कळ छापून येतात. त्या म्हाताऱ्या दिवसभर हातांनीं काय करीत असतात, याकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

ओकिनावाच्या बोलींत एक शब्द आहे : युइमारु. ‘युइ’ म्हणजे बांधणें, जुळणें; ‘मारु’ म्हणजे फेर. आज सर्वांनीं मिळून माझा ऊस तोडावयाचा, उद्यां तुझा, परवां तिसऱ्याचा; घर शाकारणीस आलें तर सर्वांनीं यावयाचें; आणि मजुरीचा हिशेब पैशांत न करतां पाळींत करावयाचा. आपल्या खेड्यांतील सावड आणि इर्जिक ज्यांनीं पाहिली आहे त्यांना याहून अधिक फोड करून सांगण्याचें कारण नाहीं. आपल्या भिशीसारखीहि एक पद्धति तेथें आहे. तिला ‘मोआइ’ म्हणतात. याच उत्तर भागांतील ओकु नांवाच्या खेड्यानें १९०६ सालीं गांवाच्या मालकीचें दुकान काढलें, आणि पुढें तशीं दुकानें ठिकठिकाणीं निघालीं. अलीकडे परदेशांतून येणारे लेखक युइमारूला ‘जीवनाचें तत्त्वज्ञान’ असें भारदस्त नांव देतात. किजोकाच्या म्हाताऱ्यांनीं त्याला तत्त्वज्ञान म्हटलें असेल असें मला वाटत नाहीं. आपल्याकडे सावड करणारा कुणबी तरी कोठें म्हणतो? ज्याच्यावांचून काम होतच नाहीं, त्याला कोणी नांव देत बसत नाहीं.

येथें एक खुलासा केला पाहिजे. या विचाराला आपण जपानी म्हणतों खरें, परंतु ओकिनावा हें मूळचें जपान नव्हे. तें र्‍यूक्यू नांवाचें स्वतंत्र राज्य होतें. त्याची भाषा निराळी, राजा निराळा, चीनशीं त्याचा स्वतंत्र व्यापार. १६०९ सालीं दक्षिण जपानांतील सात्सुमा येथील सरदारानें त्यावर स्वारी केली आणि खंडणी बसविली. त्या खंडणींत दरसाल केळीच्या कापडाचीं तीन हजार ठाणें द्यावयाचीं असें ठरलें होतें. १६३७ पासून मियाको आणि याएयामा या दूरच्या बेटांवर तर डोईपट्टी बसली : पंधरा ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक माणसानें ती भरावयाची, पुरुषांनीं धान्याच्या रूपानें, बायकांनीं कापडाच्या रूपानें. पीक बुडो, घरांत आजार असो, कापडाचें माप चुकतां कामा नये. ही पट्टी थेट १९०३ सालापर्यंत चालू होती. मधल्या काळांत, १८७९ सालीं, राज्य खालसा होऊन ओकिनावा जपानचा एक प्रांत झाला होता. तरी पट्टी उठावयास आणखी चोवीस वर्षें लागलीं.

हा सर्व इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, ‘सर्वांसाठीं काम करणें’ हे शब्द ऐकावयास गोड असले तरी ते कोण उच्चारतो, हें नेहमीं पाहावें लागतें. मियाकोची बाई दिव्याच्या उजेडांत विणीत बसे तीहि दुसऱ्यासाठींच विणीत होती. किजोकाची बाई शेजारणीचें सूत जोडून देई तीहि दुसरीसाठींच. दोघींच्या हातांतील काम एकच; परंतु एकीच्या मागें कारकुनाची वही होती आणि दुसरीच्या मागें शेजारीण.

आतां त्या कापडाकडे वळूं. त्याला ‘बाशोफु’ म्हणतात. बाशो म्हणजे केळ आणि फु म्हणजे कापड. आपण जिचीं केळीं खातों ती ही केळ नव्हे. ही तिचीच एक बहीण, इतोबाशो, म्हणजे सुताची केळ. ती लावल्यापासून तोडणीस येण्यास सुमारें तीन वर्षें लागतात. या तीन वर्षांत तिच्याकडे नुसतें पाहत बसून भागत नाहीं. वर्षांतून तीन-चार वेळां तिचीं पानें आणि शेंडा छाटावा लागतो, म्हणजे खोड बुडापासून शेंड्यापर्यंत सारखें जाड राहतें आणि तंतु मऊ होतो. हिवाळ्यांत खोड तोडलें म्हणजे एक-एक सोपट सोलून निराळें करावयाचें. बाहेरचीं सोपटें राठ. तीं गाद्यागिरद्यांच्या कामास. त्यांच्या आंतलीं कमरपट्ट्यास. त्यांच्याहि आंतलीं, बारीक आणि पांढरट, अंगांतील किमोनोस. अगदीं गाभ्यांतलीं मऊ खरीं, परंतु त्यांचा रंग पुढें काळवंडतो. म्हणून तीं रंगविण्याच्या सुताकरितां ठेवावयाचीं. अशा एका खोडांतून चार प्रती निघतात, आणि ही निवड करणारी बाई चुकली तर पुढें कोणतीहि विणकरीण ती चूक सुधारूं शकत नाहीं.

मग राखेची निवळ कढवून तींत सोपटें शिजवावयाचीं, आणि बांबूच्या चिमट्यांत धरून ओढावयाचीं, म्हणजे गर निघून जातो आणि तंतु उरतो. राखेचें पाणी जहाल झालें तर तंतु तुटतो. फिकें झालें तर गर सुटत नाहीं. तें किती जहाल असावें हें सांगणारें एखादें कोष्टक भिंतीवर टांगून भागत नाहीं. बोटाला तें कळावें लागतें. वाळलेला तंतु नखानें चिरून हवा तेवढा बारीक करावयाचा, आणि मग एका तंतूचें टोंक दुसऱ्याच्या टोंकाला गांठीनें जोडावयाचें. याला तेथें ‘ऊउमी’ म्हणतात. बाशोफूचें सूत कापसासारखें पेळूंतून कातून निघत नाहीं. तें गांठीगांठींनींच लांब होतें. सुमारें बारा मीटर लांबीच्या आणि हातभराहूनहि कमी रुंदीच्या एका ठाणाला दोनशें झाडें लागतात. त्यांत किती गांठी पडत असतील याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा! लहानपणीं शाळेंत आम्हां मुलांच्या हातांत टकळी असे, आणि तासाभरांत चार वेळां सूत तुटलें कीं पांचव्या वेळीं आम्ही टकळी दप्तरांत घालीत असूं. म्हणून या गांठींविषयीं मला जो आदर वाटतो तो पुस्तकी नव्हे.

गांठी मारून झाल्या म्हणजे सुताला पीळ द्यावयाचा, नक्षीच्या जागा बांधून रंगवावयाच्या, आणि शेवटीं माग. रंग मुख्यतः दोन : तेथल्या निळीचा निळा, आणि एका झुडपाच्या सालीपासून काढलेला तांबूस तपकिरी. हें सूत कोरड्या हवेंत तटकन् तुटतें. म्हणून विणतांना त्यावर पाण्याचा शिडकावा करीत राहावें लागतें, आणि मे-जूनचा पावसाळा, जो आपणां सर्वांना कुंद आणि कंटाळवाणा वाटतो, तो या मागांना सर्वांत मानवतो. विणून झालेलें ठाण पुन्हां राखेच्या पाण्यांत उकळावयाचें, धुवावयाचें, तांदळाच्या आंबवलेल्या पेजेंत भिजत घालावयाचें, ताणावयाचें, आणि चिनी मातीच्या वाटीच्या कडेनें घांसून घांसून तुळतुळीत करावयाचें. असें झालेलें कापड चतुराच्या पंखासारखें पातळ आणि ताठ असतें. ओकिनावाच्या उन्हाळ्यांत तें अंगाला चिकटत नाहीं. त्यांतून वारा खेळतो.

या वीसांहून अधिक कृतींत प्रत्यक्ष विणण्याचा वांटा अगदीं थोडा आहे. परंतु बाहेरून पाहणाऱ्याला मागच दिसतो, आणि विणणारीचेंच कौतुक होतें. एकटी बाई केळ लावूं शकेल, तोडूं शकेल, शिजवूंहि शकेल. परंतु वर्षाकाठीं दोन ठाणें सुद्धां ती एकटी पुरीं करूं शकणार नाहीं. म्हणून तरुण आणि अंगांत जोर असलेल्या बायकांनीं तोडणी आणि शिजवणी करावयाची, नजर तीक्ष्ण असलेल्यांनीं मागावर बसावयाचें, आणि म्हाताऱ्यांनीं घरीं ओट्यावर बसून सूत जोडावयाचें, अशी वांटणी आपोआप झाली. या प्रदेशांतील पुरुष सुतारकामांत निष्णात. ते कामाकरितां बाहेरगांवीं जात. मागें बायका, मुलें आणि केळी. युइमारु किजोकांत इतकें घट्ट रुजलें तें बायकांच्या स्वभावाच्या थोरवीमुळें, असें कोणी म्हणतील तर मी तें अर्धेंच खरें मानीन. कापडाचा स्वभावच तसा आहे.

१९३८ पासून पुढें दोन वर्षें यानागी मुनेयोशी नांवाचे एक विद्वान ओकिनावास वरचेवर येऊं लागले. हे गृहस्थ १८८९ चे. ज्या वस्तु निनांवी कारागीर रोजच्या वापरासाठीं करतात त्यांचें सौंदर्य दरबारी कलेहून कमी नाहीं, किंबहुना अधिक निरोगी आहे, असें त्यांचें मत होतें. अशा वस्तूंना त्यांनीं ‘मिंगेइ’ म्हणजे लोककारागिरी हें नांव दिलें, आणि १९३६ सालीं तोकियो येथें त्यांचें संग्रहालय स्थापिलें. ओकिनावा पाहून यानागी अक्षरशः हरखून गेले. बाशोफूवर त्यांनीं एक छोटें पुस्तक लिहिलें. तें १९४३ सालीं निघालें. आपलें नांव वर यावें या हव्यासापासून ही विणकरीण मुक्त आहे, म्हणूनच तिच्या हातून खोटें कांहीं निघत नाहीं, हा त्यांच्या सर्व विचारांचा रोख.

याच यानागींनीं १९४० सालीं ओकिनावाच्या भाषेची बाजू घेऊन सरकारी अधिकाऱ्यांशीं वाद घातला, हें मला विशेष सांगावेंसें वाटतें. त्या काळीं तेथील शाळांत जो मुलगा घरची बोली बोलेल त्याच्या गळ्यांत शिक्षा म्हणून लांकडी पाटी अडकवीत. दुसरा मुलगा चुकेपर्यंत ती पाटी पहिल्याच्या गळ्यांत राहावयाची, म्हणजे प्रत्येक मुलगा दुसऱ्याच्या चुकीवर टपून बसावयाचा. जन्मभर मास्तरकी केलेल्या मनुष्याला ही युक्ति ऐकून शरम वाटते. ज्या मुलांच्या आया पाळीपाळीनें एकमेकींचें काम करीत होत्या, त्या मुलांना शाळा पाळीपाळीनें एकमेकांवर चुगली करावयास शिकवीत होती!

आणि मग युद्ध आलें. चीनशीं लढाई १९३७ पासूनच चालू होती. १९४० सालीं जपानी सरकारनें प्रत्येक मोहल्ल्यांत शेजारमंडळें स्थापण्याचा हुकूम काढला : धान्याची वांटणी, वर्गणी, पहारा, आग विझविण्याची कवाईत, सर्व शेजारमंडळामार्फत. ‘मेश्शि-होको’, म्हणजे स्वतःला विसरून लोककार्याला वाहून घेणें, हें घोषवाक्य घरोघरीं पोंचलें. वरवर पाहतां हें युइमारूच. शेजाऱ्यानें शेजाऱ्याला मदत करावी, स्वार्थ सोडावा, यांत वाईट तें काय? परंतु युइमारूंत आज मी तुझ्याकडे आलें तर उद्यां तूं माझ्याकडे येणार, हें ठरलेलें असतें; आणि न आलीस तर मी तुला विचारूं शकतें. मेश्शि-होकोंत विचारावयाचें कोणाला?

या प्रश्नाचें उत्तर ओकिनावाला १९४५ सालीं मिळालें. तेथील मुलींचें नॉर्मल स्कूल आणि प्रांतांतील पहिलें मुलींचें हायस्कूल या दोन शाळांतून २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षक लष्करी इस्पितळाच्या कामावर नेण्यांत आले. हीं इस्पितळें म्हणजे डोंगरांत खोदलेलीं भुयारें. २३ मार्चच्या रात्रीं त्या मुली निघाल्या. जवळ जवळ तीन महिने त्यांनीं जखमी शिपायांची शुश्रूषा केली, पाणी वाहिलें, प्रेतें पुरलीं. १८ जून रोजीं सैन्यानें त्यांना सांगितलें कीं पथक बरखास्त झालें आहे, आतां ज्यानें त्यानें आपला मार्ग पाहावा. भुयारांच्या बाहेर तोफांचा भडिमार चालू होता. त्या २४० जणांपैकीं १३६ मेले, आणि त्यांतले बहुतेक या हुकुमानंतरच्या थोड्या दिवसांत. ज्या मुलींना स्वतःला विसरण्यास शिकविलें होतें त्यांना, गरज सरतांच, ज्याचें त्यानें पाहावें असें सांगण्यांत आलें! त्या १८ शिक्षकांचे चेहरे मला दिसत नाहींत, परंतु मी त्यांचा विचार पुष्कळ वेळां करतों. १३६ मृतांत १३ शिक्षक होते. त्या लढाईंत सुमारें दोन लक्ष माणसें मेलीं. त्यांत एक लक्षाहून अधिक ओकिनावाचीच.

किजोकाची एक तरुणी त्या वेळीं बेटावर नव्हती, म्हणून ही गोष्ट पुढें चालते. तिचें नांव तैरा तोशिको. जन्म १९२१ चा, बाशोफूच्याच घरांतला. तिच्या आजोबांनीं आणि वडिलांनीं या कापडाच्या सुधारणेकरितां खटपट केली होती. १९४४ सालीं मुलींच्या स्वयंसेवक पथकांत तिची भरती झाली. ‘स्वयंसेवक’ हा शब्द सरकारचा. मुख्य जपानांतील ओकायामा प्रांतांत कुराशिकी म्हणून शहर आहे. तेथील विमानांच्या कारखान्यांत तिला व तिच्या सोबतिणींना कामास लाविलें. युद्ध संपलें तेव्हां घरीं परतण्याचा मार्ग बंद होता, आणि घर उरलें आहे कीं नाहीं हेंहि ठाऊक नव्हतें.

कुराशिकीचे मोठे कारखानदार ओहारा सोइचिरो यांना ओकिनावाच्या या पोरक्या मुलींविषयीं आस्था वाटली. त्यांनीं मुलींना विणकाम शिकविण्याची व्यवस्था केली, आणि शिकविण्याकरितां तोनोमुरा किचिनोसुके यांना नेमिलें. हे तोनोमुरा यानागींच्याच परिवारांतले. पुढें कुराशिकीच्या लोककारागिरीच्या संग्रहालयाचे ते पहिले प्रमुख झाले. यानागींचें बाशोफूवरील पुस्तक तोशिकोनें वाचलें तें येथें. आपल्या आजीचे हात ज्या कामावर चालतांना आपण लहानपणापासून पाहिले, त्याला कोणी एवढें मोल देतो, हें तिला आपल्या गांवापासून इतक्या लांब, परक्याच्या पुस्तकावरून कळलें. असें होतें खरें. आपल्या ओव्या सुद्धां आपल्याला शहरांत आल्यावरच गोळा कराव्याशा वाटल्या, नाहीं का? १९४६ सालीं ती परत निघाली तेव्हां ओकिनावाचें विणकाम जगवा, अशी निरोपाची विनंति तिला या मंडळींनीं केली.

गांवीं येऊन पाहते तों केळींचीं बनें साफ झालेलीं. ओकिनावा आतां अमेरिकन सैन्याच्या ताब्यांत होतें, बेटावर हिंवताप माजला होता, आणि केळींच्या झाडींत डांस वाढतात म्हणून सैन्यानें तीं तोडविलीं होतीं. आरोग्यखात्याच्या दृष्टीनें तें बरोबरहि असेल. मी त्यांना दोष देत नाहीं. परंतु सुताची केळ आज लावली तर सूत तीन वर्षांनीं. पोटाला मात्र आज पाहिजे. घरोघर नवरा किंवा मुलगा गमावलेल्या बायका होत्या. सैन्याच्या छावण्यांवर मोलमजुरी मिळे, आणि ती रोख मिळे. अशा वेळीं तीन वर्षांनीं निघणाऱ्या सुतासाठीं खोडें छाटीत बसा, असें कोणी कोणाला सांगावें?

तोशिकोनें तें सांगितलें. डोंगराच्या कडेला जें कांहीं वांचलें होतें तें शोधून तिनें सुरुवात केली. नवीं खोडें लाविलीं. युद्धानें विधवा केलेल्या बायका आणि शेजारच्या म्हाताऱ्या यांना घरोघर जाऊन बोलाविलें. किमोनो विकत घेण्याची ओकिनावांत कोणाची ऐपत नव्हती. तेव्हां अमेरिकन कुटुंबांना खपतील अशीं उशांचीं अभ्रीं आणि मेजावर घालावयाचे रुमाल विणण्यांत आले. कोणी पारखी मनुष्य यावर नाक मुरडील. राजघराण्याचें कापड आणि त्याचीं उशांचीं अभ्रीं! परंतु त्या अभ्र्यांनींच सूत जोडणाऱ्या म्हाताऱ्यांचीं बोटें चालतीं ठेविलीं. दहा वर्षें तीं बोटें थांबलीं असतीं तर राखेचें पाणी किती जहाल असावें हें सांगावयास कोणी उरलें नसतें.

तोशिको पुढारीण झाली ती भाषणें करून नव्हे. उठून दारोदार जाणारें आणि तीन वर्षांनंतरचा दिवस डोळ्यांपुढें ठेवणारें कोणीतरी लागतें. कापडाचा स्वभाव पुष्कळांचे हात मागतो खरा, परंतु युद्धानें ते हात पांगविल्यावर कापड आपण होऊन त्यांना हांक मारीत नाहीं. मघाशीं मी जें अर्धें खरें म्हटलें, त्याचें उरलेलें अर्धें हें.

१५ मे १९७२ रोजीं ओकिनावा पुन्हां जपानच्या कारभाराखालीं आलें. १९७४ सालीं किजोकाच्या बाशोफूला राष्ट्राच्या महत्त्वाच्या कलांत स्थान मिळालें. जपानांत असा मान पुष्कळदां एकेका थोर कारागिराला देतात. लोक त्याला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. किजोकाच्या बाबतींत मात्र तो मान कोणा एकीला न देतां तेथील बाशोफु-संरक्षण मंडळाला, म्हणजे केळ तोडणारणींपासून वाटी घांसणारणींपर्यंत सर्वांना मिळून, देण्यांत आला. सरकारी दप्तरांना इतकी समज क्वचितच असते.

पुढें २००० सालीं तोशिकोला स्वतःलाहि तो किताब मिळाला. हें प्रथम वाचलें तेव्हां मला थोडें खटकलें होतें. ज्या कामांत नांव नाहीं हीच त्याची शोभा, असें यानागींनीं शिकविलें, त्यांत एक नांव निराळें काढून वर ठेवावयाचें? पुढें माझें मत पालटलें. वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बाईला मिळालेल्या मानानें तिच्यापेक्षां तिच्या गांवाचेंच काम अधिक झालें. तरुण मुली लांबलांबून शिकावयास येऊं लागल्या. तरीहि यानागी असते तर काय म्हणाले असते, हें मला सांगतां येत नाहीं. ते १९६१ सालींच वारले.

एक गोष्ट मात्र झांकून ठेवण्यासारखी नाहीं. पूर्वीं जें कापड शेतांत राबणारी बाई रोज नेसत असे, तें आज फार महाग झालें आहे. तोकियोच्या धनिक स्त्रिया तें उन्हाळ्यांत हौसेनें नेसतात. सूत जोडणाऱ्या म्हातारीला तें नेसणें परवडावयाचें नाहीं. यंत्रावर निघालेलें कापड दुकानांत स्वस्त मिळूं लागल्यावर दोनशें झाडांचें ठाण रोजच्या वापरांत राहणें शक्यच नव्हतें, हें मी समजतों. परंतु सर्वांच्या कल्याणासाठीं चाललेल्या कामांत ‘सर्व’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न येथेंहि सुटलेला नाहीं. त्यांतून सर्वांत वेळखाऊ काम सूत जोडण्याचें, आणि तें करणाऱ्याच सर्वांत वृद्ध. एक-एक म्हातारी गेली कीं तिच्याबरोबर एक सुताचा झरा आटतो. मागावर बसावयास मुली मिळतात, कारण मागावर बसलेली मुलगी छायाचित्रांत चांगली दिसते. ओट्यावर बसून दिवसभर गांठी मारावयास कोण तयार होणार?

किजोकांत १९८० नंतरच्या दशकांत सहकारी संस्था निघाली आणि ‘बाशोफु-भवन’ उभें राहिलें. तेथें नव्या मुलींना शिकवितात. तेथें मागाआधीं केळ आणि केळीनंतर सूत, असा क्रम आहे. तोशिकोची सून तैरा मिएको हिनें सासूच्या हाताखालीं हें सर्व काम शिकून पुढें चालविलें. एका घराण्यांत कला राहिली असें यावरून वाटेल, परंतु त्या घरांत येणारें सूत निम्म्या गांवाच्या ओट्यांवरून येतें.

तैरा तोशिको २०२२ च्या सप्टेंबरांत वारली. तेव्हां तिला एकशें एक वर्ष झालें होतें. राष्ट्राचा किताब मिळालेली, देशभर प्रदर्शनें झालेली ही बाई शेवटच्या वर्षांत काय करीत होती? वय झालें तेव्हां तिनें माग दुसऱ्यांच्या हातीं दिला, आणि गांवच्या इतर म्हाताऱ्यांप्रमाणें खालीं बसून ती सूत जोडूं लागली. नव्वदी उलटल्यावरहि ती रोज तेंच करीत असे : केळीचा एक तंतु उचलावयाचा, नखानें चिरावयाचा, आणि त्याचें टोंक आधींच्या टोंकाला गांठ मारून जोडावयाचें. तें सूत मग दुसरी कोणी पिळी, तिसरी रंगवी, आणि चौथी विणी.